‘कंटेनमेंट झाले’ : शिरोलीतील एका फौंड्रीमधील प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या ओतकाम व्यवसायाचा पाया ऑइल इंजिने, शेतीचे पंप आणि साखर कारखान्यांचे सुटे भाग यांनी घातला. म्हादबा मेस्त्रींच्या पिढीने उद्यमनगरात जे कसब रुजवले, त्याच्या बळावर पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या कंपन्यांना ओतीव पुरवणारे शेकडो कारखाने उभे राहिले. या बदलाबरोबर कारखान्यांत दोन प्रकारचे शब्द आले. पहिला प्रकार कामाबरोबर आला आणि मुरला. पॅटर्न, कोअर, लॅडल, रायझर, फेटलिंग हे शब्द इंग्रजी आहेत याची आठवणही मोल्डिंग विभागात कोणाला होत नाही. दुसरा प्रकार ग्राहकांच्या ऑडिटबरोबर आणि व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांबरोबर आला. केआरए (ज्यांवर माणसाचे काम जोखले जाते ती मुख्य उद्दिष्टे), केपीआय (कामगिरी मोजणारे आकडे), ओनरशिप, अलाइनमेंट, एस्कलेशन, क्लोजर हे त्यातले. हे प्रकरण मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे; पहिल्या प्रकाराचा संबंधही पुढे येईल.

कारखाना शिरोलीत आहे. ओळख पटू नये म्हणून उत्पादनाचे आणि ग्राहकाचे तपशील बदलले आहेत. ठेकेदाराची माणसे धरून सुमारे दोनशे लोक येथे काम करतात. ग्रे आयर्नचे ओतीव भाग तयार होतात. त्यातील काहींचे मशिनिंग कारखान्यातच होते आणि बाकीचे गोकुळ शिरगाव व उद्यमनगरातील जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपकडे जातात. थोरल्या मालकांनी कारखाना उभा केला. धाकट्या मालकांनी अभियांत्रिकीनंतर व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि मोठ्या ग्राहकांच्या अपेक्षा पुऱ्या करता याव्यात म्हणून पुण्याकडील एका मोठ्या कंपनीतून अनुभवी महाव्यवस्थापक आणले.

या महाव्यवस्थापकांविषयी न्याय्य बोलायचे तर त्यांनी पुष्कळ चांगले केले. रोज सकाळची उत्पादन बैठक, हीटनिहाय (भट्टीत वितळवलेल्या रसाच्या एकेका घाण्यानुसार) नोंदी, तक्रारींचे रजिस्टर या गोष्टी त्यांच्यामुळे सुरू झाल्या. प्रत्येक विभागप्रमुखाचे केआरए लिहून काढले गेले, बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड आला आणि बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी ईमेलने सर्वांना जाऊ लागले. इतिवृत्त इंग्रजीत असे, कारण ग्राहकाच्या ऑडिटरला तेच दाखवायचे असे. हा निर्णय कोणी घेतला, असे विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. तो तसाच पडून गेलेला पायंडा होता.

प्रश्न कसा उद्भवला

पावसाळ्यातील गोष्ट. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बसणाऱ्या एका हाउसिंगच्या मशिनिंग केलेल्या तोंडावर ब्लो होल निघाल्याची तक्रार ग्राहकाकडून आली. हा दोष ओतलेल्या नगाच्या कातडीखाली लपलेला असतो; कच्च्या नगावर तो दिसत नाही आणि कटर फिरल्यावरच छिद्रे उघडी पडतात. कारण पुढे सापडले ते असे होते की कोअरवर (नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यावर) लावलेला पाण्यातला वॉश, म्हणजे लेप, ओव्हनमध्ये पुरेसा वाळत नव्हता, आणि वाळलेले कोअरही दमट हवेत रात्रभर उघड्यावर राहून पुन्हा ओल धरत होते. लोखंडाचा रस आत गेला की त्या ओलीची वाफ होई आणि वायू बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तो धातूतच अडकून राही. फौंड्रीला हे दुखणे नवे नाही आणि त्यावर इलाजही आहेत. हे प्रकरण चिघळले ते दोषामुळे नव्हे, दोषाविषयी कारखान्यात जे बोलले आणि लिहिले गेले त्यामुळे.

ग्राहकाने एट-डी अहवाल, म्हणजे दोष सोडवण्याच्या आठ पायऱ्यांचा अहवाल, मागितला. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत लेखी स्वरूपात मांडली आणि आज वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत ती सर्वत्र चालते. तिच्यातील तिसरी पायरी तात्पुरत्या बंदोबस्ताची असते. मूळ कारण सापडण्यापूर्वी, संशयित माल जिथे जिथे असेल तिथे तो अडवायचा आणि ग्राहकापर्यंत आणखी एकही नग पोहोचू द्यायचा नाही, एवढाच या पायरीचा अर्थ. तिलाच कंटेनमेंट म्हणतात. या ग्राहकाच्या नियमानुसार ती पायरी २४ तासांत कळवायची होती.

त्या दिवशीच्या बैठकीच्या इतिवृत्तात तिसऱ्या मुद्द्यापुढे जे लिहिले होते, ते देवनागरीत उतरवले तर असे दिसते : ‘कंटेनमेंट टू बी एनशुअर्ड अॅट ऑल स्टेजेस. ओनरशिप : क्वालिटी अँड ऑपरेशन्स. स्टेटस : इन प्रोग्रेस.’ दुसऱ्या दिवशी याच ओळीत ‘इन प्रोग्रेस’ जाऊन ‘क्लोज्ड’ आले.

मी या कारखान्यात नंतर सल्लागार म्हणून गेलो तेव्हा ही ओळ बैठकीला हजर असलेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवून तिचा अर्थ विचारला. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांच्या मते ‘ऑल स्टेजेस’ म्हणजे कारखान्याच्या भिंतीच्या आतले सर्व टप्पे. त्यांनी यार्डातला, फेटलिंगमधला (ओतीव नग घासून साफ करण्याच्या विभागातला) आणि तपासणीतला माल लाल खूण करून बाजूला काढला होता आणि तो बारकाईने मोजलाही होता. उत्पादन प्रमुखांच्या मते जॉबवर्कचा माल गुणवत्ता विभाग बघणार होता, कारण नाव त्यांचे आधी होते. स्टोअर्सच्या मते चलनावर, म्हणजे माल पाठवण्याच्या चिठ्ठीवर, बाहेर गेलेला माल परत येईपर्यंत त्यांच्या हिशोबात नव्हता. महाव्यवस्थापकांना सर्व ठिकाणे अभिप्रेत होती, बाहेरची वर्कशॉप धरून, आणि हे सांगण्याची गरज आहे असे त्यांना वाटले नव्हते. चारही माणसे प्रामाणिक होती आणि त्या ओळीत प्रत्येकाच्या अर्थाला जागा होती.

दरम्यान गोकुळ शिरगावातील एका वर्कशॉपमध्ये त्याच हीटचे नग मशीनवर चढले होते. केंद्रीय जीएसटी अधिनियम, २०१७ च्या कलम १४३ मध्ये ठरावीक अटींवर जॉबवर्करच्या जागेतूनच माल थेट ग्राहकाकडे पाठवण्याची मुभा आहे. वाहतूक वाचते म्हणून या कारखान्यानेही ती सोय घेतली होती. ऑपरेटरने काही नगांच्या तोंडावर छिद्रे पाहिली, ते बाजूला ठेवले आणि वर्कशॉपच्या मालकाने शिरोलीच्या डिस्पॅच विभागाला फोन केला : “साहेब, तोंडावर खड्डे निघाल्यात. बाकीचा माल पाठवू का थांबवू?” डिस्पॅचच्या कारकुनाने ईमेल उघडून पाहिले. त्यात कंटेनमेंट क्लोज झाल्याचे लिहिले होते. त्याने त्याचा अर्थ प्रश्न मिटला असा घेतला आणि दिसायला चांगले असलेले नग पाठवून द्यायला सांगितले.

ते नग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर गेले आणि त्यातही छिद्रे निघाली. लाइन थांबली. माल निवडण्याचा खर्च आणि लाइन थांबल्याची भरपाई यांची डेबिट नोट आली. कारखाना कंट्रोल्ड शिपिंगच्या पहिल्या पातळीवर टाकला गेला, म्हणजे या भागाचा प्रत्येक नग नेहमीच्या तपासणीनंतर स्वखर्चाने पुन्हा वेगळा तपासून पाठवणे बंधनकारक झाले. पैशाचे नुकसान सोसण्याजोगे होते. ग्राहकाच्या गुणवत्ता अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न मात्र अवघड होता : तुम्ही लेखी कळवले की माल अडवला आहे, मग हा माल कुठून आला?

‘क्लोज’ शब्दाला चिकटलेला आकडा

‘इन प्रोग्रेस’चे ‘क्लोज्ड’ एका रात्रीत का झाले, याचे उत्तर महाव्यवस्थापकांच्या आणि गुणवत्ता प्रमुखांच्या केआरएमध्ये होते. मुदतीत क्लोज झालेल्या तक्रारींची टक्केवारी हा दोघांचाही एक निकष होता. ठरलेल्या उद्दिष्टांनुसार माणसाचे काम मोजावे, ही कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये उद्दिष्टे नेमकी, मोजता येण्याजोगी आणि मुदतबद्ध असावीत अशी त्यांची कसोटी सांगितली. केआरएची भाषा या परंपरेतून आली आहे आणि मुळात ती संदिग्धतेच्या विरोधातच होती. येथे टक्केवारी अगदी नेमकी मोजली जात होती. ज्याची टक्केवारी काढायची ती गोष्ट नेमकी काय, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. एट-डीच्या रीतीप्रमाणे कायमचा उपाय लागू होऊन त्याचा परिणाम तपासला गेल्यानंतर तक्रार बंद व्हायला हवी. या कारखान्यात अहवाल ग्राहकाच्या पोर्टलवर चढवला की ती बंद होत असे.

हाच प्रकार इतर आकड्यांतही निघाला आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. डॅशबोर्डवर ‘रिजेक्शन’ असा एकच रकाना होता. मोल्डिंग विभाग तो ओतलेल्या वजनावर काढत होता. गुणवत्ता विभाग तपासलेल्या नगांवर काढत होता. मशिनिंगनंतर परत आलेले खराब नग ज्या महिन्यात परत आले त्या महिन्यात धरले जात, ज्या हीटमधून निघाले त्या हीटवर नव्हे. त्यामुळे जुलैत ओल्या कोअरने खराब केलेले नग ऑगस्टच्या आकड्यात दिसत आणि जुलैच्या आढावा बैठकीत सर्व काही ठीक असे. वजनाने मोजले तर लहान भागांचे मोठे नुकसान झाकले जाई. नगांनी मोजले तर एखाद्या जड भागाच्या थोड्याच खराब नगांनी केवढा धातू आणि किती वीज वाया गेली, ते दिसत नसे. दोन विभागप्रमुख महिनोन्महिने एकाच शब्दावर वाद घालत होते आणि दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर होते.

ओईईची गोष्टही याच जातीची. यंत्राच्या एकूण परिणामकारकतेचे हे माप जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी रूढ केले. उपलब्धता, गती आणि गुणवत्ता यांचा गुणाकार म्हणजे ओईई. पाळीतील ४५० मिनिटांपैकी यंत्र ३६० मिनिटे चालले तर उपलब्धता ८० टक्के. अपेक्षेच्या ९० टक्के वेगाने चालले आणि ९५ टक्के नग चांगले निघाले, तर ओईई ६८.४ टक्के येते. मोल्डिंग विभाग पॅटर्न बदलण्याचा वेळ ४५० मिनिटांतून आधीच वजा करत होता, त्यामुळे त्यांची उपलब्धता नेहमीच उत्तम असे. ओईई हा शब्द परका, अपरिचित आणि कारागिराला न समजणारा आहे अशी तक्रार करता येईल, पण त्याची व्याख्या लेखी आहे आणि कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ती तपासू शकतो. रिजेक्शन हा शब्द उलट सर्वांच्या तोंडचा, आणि तोच अधिक धोकादायक निघाला.

मऊ शब्दांचा आसरा

आणखी एक बाब कोणत्याही कागदावर नव्हती. ती लोकांशी बोलताना हळूहळू उलगडली. थोरले मालक तापट होते. यंत्र बंद आहे, माल खराब निघाला आहे, असे सरळ सांगणाऱ्यावर ते सर्वांसमोर तुटून पडत. त्यांच्या रागामागे कारखान्याविषयीची तळमळ होती हे लोक मान्य करत, पण राग तो राग. नव्या भाषेने या लोकांना आयता आसरा दिला. ‘सँड प्लांट दोन तास बंद होता’ याऐवजी ‘सँड प्लांटला काही चॅलेंजेस आहेत’ असे म्हटले की थोरले मालक पुढच्या मुद्द्याकडे वळत. ‘कोअर वाळत नाहीत’ याऐवजी ‘कोअर शॉपमध्ये प्रोसेस अलाइनमेंट सुरू आहे’ असे म्हणता येई. ओव्हनचे तापमान कमी पडते आहे, हे कोअर शॉपच्या सुपरवायझरला तक्रार येण्याच्या बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. त्याने ते सांगितलेही होते. वर जाता जाता त्या सांगण्याची ‘अलाइनमेंट’ झाली.

व्यवस्थापनाच्या शब्दांची टिंगल करणे सोपे आहे आणि मराठी माणसाला त्यात गोडीही वाटते. पण जे शब्द माणसे टिकवून धरतात ते काही तरी कामाला येत असतात. येथे ते वाईट बातमीचा काटा मोडण्याच्या कामाला येत होते. तरुण अभियंत्यांना त्यांचा आणखी एक उपयोग होता, तो म्हणजे पुण्यातील नोकरीच्या मुलाखतीत हीच भाषा बोलावी लागते. हे दोन्ही उपयोग लक्षात न घेता शब्द बदलायला गेलो असतो, तर लोकांनी दुसरे मऊ शब्द शोधले असते, मराठीतलेसुद्धा.

समोर आलेले पर्याय

पहिली सूचना सहज सुचणारी होती : डिस्पॅचच्या कारकुनाला मेमो द्यावा. त्याने विचारायला हवे होते हे खरेच, पण त्याच्या हातात असलेल्या लेखी नोंदीनुसार त्याचे उत्तर चूक नव्हते. धाकट्या मालकांनी हा पर्याय लगेच बाजूला ठेवला आणि मला वाटते, पुढचे सर्व काही त्या एका निर्णयामुळे शक्य झाले. मेमो निघाला असता तर चौकशीत कोणीही मोकळेपणाने बोलले नसते.

दुसरी सूचना महाव्यवस्थापकांची. सुपरवायझर आणि कारकुनांसाठी इंग्रजीचे आणि गुणवत्ता-साधनांचे प्रशिक्षण घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ग्राहक, ऑडिटर आणि पोर्टल सगळे इंग्रजीत असताना भाषा खाली आणण्यापेक्षा माणसे वर न्यावीत, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. अडचण एवढीच की त्या ओळीचा अर्थ उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या चार अधिकाऱ्यांनीही चार प्रकारे लावला होता.

तिसरी सूचना मनुष्यबळ अधिकाऱ्यांची होती आणि तीवर बरीच मेहनतही झाली. सर्व शब्दांचे मराठीकरण करायचे. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि त्याच्या परिभाषा कोशांनी शासकीय मराठी घडवली. त्याच धर्तीवर कारखान्याचा छोटा कोश करावा, असे ठरले. अलाइनमेंटला संरेखन, अकाउंटेबिलिटीला उत्तरदायित्व, कंटेनमेंटला परिरोधन असे शब्द असलेली यादी विभागांत लावली गेली. दोन आठवड्यांत ती वाऱ्याने फाटली आणि कोणी पुन्हा लावली नाही. यादीचा दोष शब्दांच्या संस्कृत वळणात होता असे अनेकांचे मत पडले. मला वाटते, साधे शब्द योजले असते तरी फारसा फरक पडला नसता, कारण ‘सर्व टप्प्यांवर परिरोधन सुनिश्चित करावे’ या वाक्यातही कोणी, कुठे, केव्हापर्यंत आणि किती नग हे नाहीच. शिवाय कोअर शॉप आणि फेटलिंगमध्ये ठेकेदाराची बहुसंख्य माणसे उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होती. त्यांच्यासाठी ती यादी इंग्रजीइतकीच परकी होती.

चौथा पर्याय या तिन्हींच्या अपयशातून आकाराला आला : शब्दांची चाळणी करावी, पण मुख्य सुधारणा वाक्यात करावी.

प्रत्यक्ष काय केले

पहिल्या दिवशी भाषेचा विचारही झाला नाही. संशयित हीटचा माल जिथे असू शकतो अशी ठिकाणे फळ्यावर लिहिली : यार्ड, फेटलिंग, कारखान्यातील मशीन शॉप, बाहेरची प्रत्येक वर्कशॉप तिच्या नावानिशी, वाहतूकदाराचे गोदाम आणि ग्राहकाचा स्टोअर. प्रत्येक ठिकाणी एक माणूस गेला, मोजून आला आणि फळ्यावर आकडा लिहून सही केली. हीटमध्ये ओतलेले नग आणि फळ्यावरील बेरीज जुळेपर्यंत फळा पुसायचा नाही असे ठरले. पहिल्यांदा बेरीज जुळली नाही. उरलेले नग उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये जुन्या मालाखाली सापडले. ते अधिकृत नोंदीत दोन आठवड्यांपूर्वीच परत आलेले होते.

या फळ्यावरूनच पुढचा कंटेनमेंटचा फॉर्म तयार झाला. शब्द ‘कंटेनमेंट’ हाच ठेवला, कारण ग्राहक तोच वापरतो आणि त्याला निश्चित अर्थ आहे. फॉर्मवर त्याखाली एक ओळ छापली : ‘संशयित माल प्रत्येक ठिकाणी मोजून अडवला, बेरीज ओतलेल्या नगांशी जुळली.’ बेरीज जुळल्याशिवाय सही करता येत नाही.

त्यानंतर शब्दांची चाळणी झाली. ज्यांची व्याख्या लिहिता येते आणि जे मोजता किंवा तपासता येतात ते शब्द, मग ते इंग्रजी असोत की मराठी, ठेवायचे आणि व्याख्येसह लावायचे. ओईई, पीपीएम (दहा लाख नगांमागे खराब नग), कंटेनमेंट यांत आले. रिजेक्शनचे तीन वेगळे रकाने झाले आणि मशिनिंगमध्ये निघालेला खराब नग ज्या हीटचा त्या हीटवर मांडायचा, असा नियम झाला. ‘क्लोज’ हा शब्द फक्त गुणवत्ता प्रमुख आणि उत्पादन प्रमुख या दोघांच्या सहीने, आणि उपायानंतर सलग तीन लॉट स्वच्छ निघाल्यावरच वापरायचा असे ठरले. ओनरशिप, अलाइनमेंट, सिनर्जी, एनशुअर, चॅलेंजेस यांची व्याख्या करायला बसल्यावर बैठकीतले प्रत्येक जण वेगळे सांगू लागले; त्या शब्दांवर बंदी घातली नाही, पण निर्णयाच्या ओळीत ते येणार नाहीत, असे ठरले.

निर्णयाची ओळ मराठीत, एका माणसाच्या नावाने सुरू होणारी आणि क्रियापदाने संपणारी असावी हा नियम सर्वांत वादग्रस्त ठरला. ‘क्वालिटी अँड ऑपरेशन्स’ ऐवजी एकच नाव लिहायचे म्हटल्यावर बैठका लांबल्या, कारण पूर्वी न झालेला वाद आता समोरासमोर होऊ लागला. महाव्यवस्थापकांचा आक्षेप असा होता की ऑडिटमध्ये मराठी इतिवृत्त चालणार नाही. येथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक आयएटीएफ १६९४९ हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच्या ८.५.१.२ या कलमात कामाच्या सूचना त्या पाळणाऱ्या माणसांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात आणि त्यांना त्या समजल्या आहेत याची खात्री संस्थेने करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. दुसरे म्हणजे, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आवश्यक मानले होते. ज्या मानकाचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर होते त्यातच हे लिहिलेले पाहून महाव्यवस्थापकांनी आपला आक्षेप मागे घेतला आणि तडजोडही त्यांनीच सुचवली : मूळ नोंद मराठीत ठेवायची आणि ग्राहकाला जाणारा इंग्रजी अहवाल तिच्यावरून तयार करायचा. पूर्वी इंग्रजी अहवाल आधी तयार होई आणि काम त्याला जुळवून घेतले जाई.

कोअर शॉप आणि फेटलिंगमधील सूचना हिंदीतही लागल्या. बाहेरच्या वर्कशॉपना एक फोन नंबर आणि एक अधिकार दिला गेला : शंका आली तर माल थांबवायचा, आणि थांबवलेला माल सोडण्याचा निर्णय डिस्पॅच विभागाने घ्यायचा नाही.

थोरल्या मालकांशी बोलण्याचे काम धाकट्या मालकांनी घरी केले. त्यात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. त्यानंतर थोरले मालक सकाळच्या बैठकीला येईनासे झाले आणि दुपारी विभागांतून फेरी मारू लागले. तिथे ते कारागिरांशी पूर्वीसारखेच बोलत, म्हणजे अधूनमधून रागावतही. पण चारचौघांत कोणाची फजिती होत नसे.

परिणाम

काही महिने स्वच्छ पुरवठा झाल्यावर ग्राहकाने कंट्रोल्ड शिपिंग उठवले. कोअरच्या ओव्हनची दुरुस्ती झाली, वाळलेल्या कोअरसाठी बंद खोली झाली आणि पावसाळ्यात कोअर किती तास ठेवायचे याची मर्यादा ठरली. ब्लो होल कमी होण्याचे श्रेय या तांत्रिक उपायांचे आहे, भाषेचे नव्हे. दोहोंची गल्लत करू नये. भाषेच्या बदलाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी दिसला. पुढच्या तक्रारीत, जी एका वेगळ्या भागाविषयी होती, बेरीज न जुळल्यामुळे वाहतूकदाराकडे पडलेला लॉट ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच सापडला.

रिजेक्शनचे तीन रकाने झाल्यावर पहिल्या महिन्यात आकडे वाढलेले दिसले आणि मालकांना धक्का बसला. खराब माल वाढला नव्हता. तो योग्य महिन्यात दिसू लागला होता. हा धक्का बसणार हे आधी सांगितले नसते तर जुनी पद्धत परत आली असती, असे धाकटे मालक आजही म्हणतात.

सगळेच सुधारले असे नाही. ‘चॅलेंजेस’ निर्णयाच्या ओळीतून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. दोन तरुण अभियंत्यांना मराठी इतिवृत्त लिहिणे कमीपणाचे वाटते आणि त्यांपैकी एकाने तसे स्पष्ट सांगितले. व्हॉट्सअॅपवरील सूचना अजूनही ‘प्लीज एक्स्पेडाइट’ अशाच जातात, आणि त्या मिळाल्यावर वर्कशॉपवाले नेमके काय करायचे ते फोन करून विचारतात.

वेगळे काय करता आले असते

फळ्यावरची मोजणी पहिल्या तक्रारीच्या संध्याकाळीच करता आली असती. त्यासाठी ना नवा फॉर्म लागत होता ना सल्लागार. ‘ऑल स्टेजेस म्हणजे कुठे कुठे?’ एवढा प्रश्न बैठकीतील एकाने विचारला असता तरी पुरे होते. तो का विचारला गेला नाही, याचे एक कारण म्हणजे असे विचारणे अडाणीपणाचे दिसेल अशी भीती. बैठकीच्या अध्यक्षाने स्वतःच हा प्रश्न विचारण्याची प्रथा ठेवली तर ही भीती कमी होते. येथे ती प्रथा आता आहे, पण महाव्यवस्थापक रजेवर असले की विसरली जाते.

मराठी कोशावर गेलेले श्रम वाचवता आले असते, जर यादी लावण्यापूर्वी ती कोअर शॉपमधील आणि बाहेरच्या एका वर्कशॉपमधील माणसाला वाचून दाखवली असती. शब्द ठरवणाऱ्या समितीत सुपरवायझरच्या खालचा एकही माणूस नव्हता.

ग्राहकाला खरे कारण कधी सांगावे यावरही मतभेद राहिला. कारखान्याने दुसऱ्या अहवालात ‘जॉबवर्करकडील माल आमच्या मोजणीत नव्हता’ असे लिहिले. महाव्यवस्थापकांच्या मते हे फार उघड झाले. धाकट्या मालकांच्या मते याच ओळीमुळे ग्राहकाचा अधिकारी शिरोलीत येऊन फळा पाहायला तयार झाला. मला दुसरे मत पटते, मात्र प्रत्येक ग्राहक असाच वागेल असे म्हणता येणार नाही.

केआरएचा प्रश्न सुटलेला नाही. मुदतीत क्लोज झालेल्या तक्रारींची टक्केवारी हा निकष अजून तसाच आहे. ‘क्लोज’ची व्याख्या कडक झाल्यामुळे महाव्यवस्थापकांची आणि गुणवत्ता प्रमुखांची टक्केवारी घसरली आहे आणि दोघांची वार्षिक वाढ तिच्याशी जोडलेली आहे. निकष काढून टाकावा, की त्याच तक्रारीची पुनरावृत्ती मोजणारा दुसरा निकष त्याच्या जोडीला ठेवावा, यावर धाकट्या मालकांनी एप्रिलपूर्वी निर्णय घ्यायचा आहे.